बिनचूक गुरुवार

त्या गुरुवारी मला एकही चूक सापडली नाही.

सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले होते, ती ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं तरी तिथंच होते. पळस झाला, पांगारा झाला, काटेसावर झाली, अंजनी झाली. फोटो ज्याचे त्याच्या पानावर, फुलण्याचे महिने बरोबर, नकाशावरचे ठिपके जिथल्या तिथे. मी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. चहावर जाड साय आली होती, ती तशीच राहिली.

"हे शक्य नाही," मी मोठ्यानं म्हणाले. ऐकायला घरात कुणी नव्हतं. पण एकट्या राहणाऱ्या माणसाला मोठ्यानं बोलायची खोड लागते, आणि मला ती केव्हाच लागली होती.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नुकतीच नव्हे, चांगली मुरलेली निवृत्त बाई होते. गडहिंग्लजच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, सुट्टी मिळाली की आजरा-आंबोलीच्या रानात फिरले. निवृत्त झाले तेव्हा जवळ ट्रंका भरून फोटो आणि टिपणं होती. कोल्हापूरच्या एका संस्थेनं त्याची वेबसाइट करायचं ठरवलं. माहिती माझी, आणि कॉम्प्युटरचं काम साताऱ्याच्या एका माणसाकडे. उन्मेष पोळ त्याचं नाव. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. फोनवर दोनचारदा बोललो असू, बाकी सगळा कारभार ईमेलवर.

आमची साइट अगदी साधी होती. बातम्यांच्या साइटसारखं तिच्यात रोज काही हलत नसे. सगळी पानं एकदम तयार करायची आणि एकदम इंटरनेटवर चढवायची. त्या तयार गठ्ठ्याला उन्मेष 'बिल्ड' म्हणायचा. चढवण्याआधी तो मला एक वेगळा पत्ता पाठवायचा. त्या पत्त्यावर साइट दिसायची हुबेहूब, पण जगाला दिसायची नाही. तो तिला 'प्रिव्ह्यू' म्हणायचा. तो पत्ता फक्त आम्हा दोघांकडे असे. गुरुवारी सकाळी तो प्रिव्ह्यू पाठवणार, मी दिवसभर तपासणार, आणि मी 'चढवा' असं लिहीपर्यंत तो एक अक्षर बाहेर जाऊ देणार नाही, असं आमचं ठरलं होतं. ही अट माझी होती. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

आणि दर गुरुवारी एक चूक असायचीच.

एकदा त्यानं करवंदाच्या पानावर द्राक्षांचा फोटो लावला. मी लिहिलं, "आमच्याकडे करवंदं अशी घोसानं लटकायला लागली हे मला ठाऊक नव्हतं. नाशिककरांना कळवून टाकते." त्याचं उत्तर आलं, "माफ करा मॅडम, काम करताना भूक लागली होती." एकदा सड्यावरच्या, म्हणजे कातळ पठारावरच्या, एका इवल्या फुलाचा ठिपका नकाशावर थेट कोल्हापूरच्या रंकाळा तलावात पडला होता. मी लिहिलं, "हे बेणं पोहायला कधीपासून जायला लागलं?" तो म्हणाला, "उन्हाळा फार आहे मॅडम." एकदा सीतेची आसवं ही पावसाळ्यातली फुलं त्यानं मार्चमध्ये फुलवली. मी लिहिलं की मार्चमध्ये आमच्या सड्यावर दगडसुद्धा तडकतात, आसवं कुठून येणार.

वेंधळा मुलगा, असं माझं मत झालं होतं. एकदा तर वैतागून संस्थेच्या सेक्रेटरींना, पेंढारकरांना, ईमेल लिहायला बसले की हा गडी बदला, दुसरा बघा. अर्धं लिहून झालं आणि गुरुवार डोळ्यांसमोर आला. सगळं पुसून टाकलं आणि भात लावायला उठले.

खरं सांगायचं तर चूक मला सकाळीच सापडायची. नजर तयार होती माझी. पण लगेच कळवली तर उरलेला दिवस काय करायचं? म्हणून मी आधी नुसतं लिहायची, "एक चूक आहे. शोधा." मग दुपारी एक इशारा. चहाच्या वेळेला दुसरा. तोही मुद्दाम भलतीकडेच शोधायचा आणि मला चिडवायचा. दिवेलागणीला चूक सापडायची, मी 'चढवा' लिहायची आणि आमचा गुरुवार संपायचा. शुक्रवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत दूधवाला आणि रेडिओ यांच्याखेरीज कुणाचा आवाज कानी पडत नसे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं मी लोकांना सांगायची.

तर त्या गुरुवारी चूक नव्हती. दुपारी मी वेगळी युक्ती केली. एका खिडकीत जगाला दिसणारी जुनी साइट उघडली आणि दुसऱ्या खिडकीत नवा प्रिव्ह्यू. दोन्ही शेजारी ठेवून एकेक पान ताडून बघायला लागले, आणि चक्रावले. नव्या पानांचं तर काम झालंच होतं, पण मी वर्षानुवर्षं मागे लागलेली सगळी बारीकसारीक कामंही झाली होती. अक्षर मोठं करायचं बटण. आजऱ्याकडच्या बोलीतली झाडांची नावं टाकली तर झाड सापडायची सोय. आडवे पडलेले जुने फोटो उभे. ज्या कामांना तो नेहमी 'बघतो मॅडम, पुढच्या वेळी' म्हणायचा त्यातलं एकही राहिलं नव्हतं. माझ्याकडे तक्रारीला जागाच उरली नव्हती.

आधी बरं वाटलं. मग हळूहळू बरं वाटेनासं झालं.

मी लिहिलं, "एक चूक आहे. शोधा." धडधडीत खोटं.

उत्तर लगेच आलं. "नाही मॅडम. या वेळी एकही नाही. चारचारदा बघितलंय. तुम्ही फक्त 'चढवा' लिहा."

तो असं कधी लिहीत नसे. मी फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मग कोल्हापूरला पेंढारकरांना लावला.

"उन्मेषचं काही कळलं का तुम्हाला?"

"हो, हो, बोलायचंच होतं तुमच्याशी," पेंढारकर खुशीत होते. "काम सोडतोय तो. पण काय नीट माणूस हो! साइटचे पासवर्ड, सगळ्या फायली, पुढच्या माणसानं काय कसं करायचं ते टप्प्याटप्प्यानं लिहून, सगळं काल पाठवून दिलं. नाहीतर लोक आजकाल मध्येच टाकून जातात. तुमची मंजुरी आली की शेवटचं चढवतो म्हणाला, की झालं."

"कुठं चाललाय?"

"ते नाही बोलला. मिळाली असेल मोठी नोकरी. पुण्याबिण्याला."

"पेंढारकर, साताऱ्यात तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? त्याच्या घरी जरा जाऊन येईल असं?"

"का हो? काय झालं?"

"या वेळी त्याच्या कामात एकही चूक नाही."

पलीकडे ते हसले. "मॅडम, चूक केली नाही म्हणून कुणी माणसाच्या घरी माणूस पाठवतं का?"

मी फोन ठेवला. त्यांचं बरोबर होतं, कुणी पाठवत नाही. पण माझी धाकटी बहीण गेली ना, त्याच्या आदल्या दिवशी तिनं माझं कपाट लावून दिलं होतं. साड्या रंगांप्रमाणे, ब्लाउज वेगळे, वर्षभर पडलेला पसारा तिनं एका दुपारीत आवरला. मला बरं वाटलं होतं. मी तिला म्हटलं होतं, किती गुणाची आहेस गं.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. काय लिहावं सुचेना. चार ओळी लिहिल्या, पुसल्या. शेवटी लिहिलं, "मला चूक सापडली आहे, पण ती लिहून सांगता येणार नाही. उद्या साताऱ्याला येते. मी येईपर्यंत काहीही चढवायचं नाही. वाचलं असेल तर उत्तर द्या."

बराच वेळ उत्तर नाही. मी देवघरात जाऊन आले, अंगणात जाऊन आले. परत येऊन बघते तर ओळ आली होती.

"येऊ नका मॅडम."

जीवात जीव आला. निदान तो तिथं बसून वाचत होता. आणि मला एक गोष्ट माहीत होती. मी 'चढवा' लिहिल्याशिवाय त्यानं आजवर कधी काम हातावेगळं केलं नव्हतं. अर्धवट टाकून जाणारा माणूस तो नव्हे. त्या एका शब्दाच्या मागे मी त्याला अडवून धरलं होतं आणि तो धरून ठेवण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. त्याचा पत्ता माझ्याकडे होता, कारण मागच्या दिवाळीला मी त्याला घनसाळ तांदूळ पाठवला होता. तांदूळ पोचल्यावर त्यानं लिहिलं होतं, "भाताचा वास जिन्यापर्यंत गेला, खालच्या काकू विचारायला आल्या." कोल्हापूरपर्यंत उभ्यानं गेले. पुढे जागा मिळाली. शेजारची बाई लग्नाला चालली होती, ती मला मुलीकडे निघालात का म्हणून विचारत होती. मी हो म्हटलं. दर थोड्या वेळानं मी मोबाइलवर जगाला दिसणारी साइट उघडून बघत होते. ती जुनीच होती. अक्षर मोठं करायचं बटण आलेलं नव्हतं. त्या नसलेल्या बटणाकडे बघत मी सातारा गाठला.

घर सापडायला वेळ लागला नाही. खाली घरमालकीण गहू निवडत बसली होती. शिर्केकाकू म्हणतात, असं तिनंच सांगितलं.

"उन्मेष व्हय? हाय की वर. तुमी कोन, मावशी का?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं आलासा. जायच्या आदी भेट तरी हुईल. बदली झालीया म्हनं त्याची. काल समदी भांडी मला आनून दिली बगा. म्या म्हनलं, आरं तिकडं गेल्यावर लागतील की. तर म्हनला, न्हाई लागायची काकू. मिक्सर बी दिला. लई गुनाचं पोर."

"कुठं झाली बदली?"

"त्ये काय बोलला न्हाई." ती सुपातला खडा वेचता वेचता थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी जिना चढले.

दार उघडंच होतं. मला इतकी वर्षं वाटत होतं की हा पंचविशीतला पोरगा असेल. दारात आला तो चाळिशीचा, पुढचे केस गेलेला, दाढी गुळगुळीत केलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता.

"मॅडम, येऊ नका म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. ते वाचल्यावर मी आले नसते होय?"

इतकी वर्षं मी त्याला अहोजाहो करत होते. तोंडातून अरेतुरे आलं ते मलाही नंतर कळलं. त्याच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

खोली लख्ख होती. टेबल, कॉम्प्युटर, एक खुर्ची, गुंडाळलेली वळकटी. भिंतीवर एका जागी चौकोनी खूण होती, तिथला फोटो काढून ठेवलेला. बाकी काहीच नाही. मी खुर्चीवर बसले. तो पाणी आणायला आत वळला आणि मधेच थांबला. घरात पेला नव्हता. मग खाली जाऊन काकूंकडून आपलाच पेला मागून घेऊन आला. मी ते पाणी सगळं प्यायले.

"चूक कुठंय?" त्यानं विचारलं.

"बघू या की. पहिल्या पानापासून."

"मॅडम, तुमची परतीची गाडी—"

"माझ्या गाडीची काळजी मी करीन. लाव."

त्यानं प्रिव्ह्यू उघडला. तो माझ्याशेजारी जमिनीवर, भिंतीला टेकून बसला. मी एकेक पान बघत राहिले. पळसावर थांबले, उगीचच दोनदा वाचलं. त्याच्याशी काय बोलावं मला कळत नव्हतं. लिहिताना जे पटापट सुचायचं त्यातलं एक वाक्य जिभेवर येईना. शेवटी तोच बोलला.

"चूक नाहीये मॅडम. तुम्हालाही माहितेय."

"इतकी वर्षं एक गुरुवार तू सोडला नाहीस. करवंदावर द्राक्षं लावलीस, रंकाळ्यात फुलं बुडवलीस. आत्ताच असा हुशार कसा झालास?"

तो जमिनीकडे बघत होता. "मी चुकत नव्हतो."

"म्हणजे?"

"पहिल्यांदा खरंच चुकलो. ती द्राक्षं. तुम्ही ते नाशिकचं लिहिलंत आणि मी इथं एकटाच हसत बसलो. आई तेव्हा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. तिनं हाक मारून विचारलं, का रे हसतोस? मी तिला वाचून दाखवलं. तीही हसली. मग पुढच्या वेळेपासून एक ठेवायला लागलो. मुद्दाम. शोधून शोधून ठेवायचो, तुम्हाला मजा यावी अशी. चूक नसती तर तुम्ही नुसतं 'चढवा' लिहून मोकळ्या झाल्या असता."

मला खरं म्हणजे राग यायला हवा होता. माझ्या झाडांशी खेळ केला होता त्यानं. पण मी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसले.

"मला ती सकाळीच सापडायची," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत मी मुद्दाम लांबवायचे."

त्यानं मान वर केली. माझ्याकडे तो पहिल्यांदाच नीट बघत होता. "खरंच?"

"मग मी तिथं काय करत होते वाटतं तुला? माझ्या दारात काय पाहुण्यांची रीघ लागते?"

तो किंचित हसला. ते हसू आलं तसं गेलं.

"मग या वेळी का नाही ठेवलीस?" मी विचारलं.

"शेवटचं काम नीट व्हावं असं वाटलं."

"शेवटचं म्हणजे?"

त्यानं शर्टाची बाही ओढून सरळ केली.

"उन्मेष, शेवटचं म्हणजे काय? मला कळलंय. कळलंय म्हणूनच उभ्यानं आले कोल्हापूरपर्यंत. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

त्यानं सांगितलं. हळू आवाजात, खाली बघत, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतोय असं. ते सगळं मी इथं लिहिणार नाही, ते त्याचं आहे. एवढंच लिहिते की आई गेल्यापासून त्या घरात त्यानं तोंडातून शब्द काढलेला नव्हता. गुरुवार सोडला तर आठवडाभर त्याला कुणी काही विचारत नव्हतं आणि तो गुरुवारही त्याला हळूहळू पुरेनासा झाला होता. पुढे डॉक्टर झाले, औषधं झाली, लांबच्या मामेबहिणीला शोधून बोलावणं झालं. ते सगळं सरळ झालं नाही आणि लवकर तर मुळीच झालं नाही. पण त्या दुपारी यातलं काहीच नव्हतं. एक खुर्ची होती, एक कॉम्प्युटर होता आणि आम्ही दोघं होतो.

"आता 'चढवा' म्हणा मॅडम," तो म्हणाला. "तेवढंच राहिलंय."

"नाही म्हणणार."

"का?"

"माझं बघून व्हायचंय अजून."

"किती वेळ लागेल?"

"मी काय सांगू? वय झालंय माझं. सावकाश बघते मी."

तो उठून खिडकीशी गेला आणि गजाला डोकं टेकवून उभा राहिला. हे असं किती वेळ धरून ठेवता येईल, याचा मला अंदाज नव्हता. मी काहीतरी करत राहायचं म्हणून जुनी साइट उघडली, नवीन प्रिव्ह्यूच्या शेजारी लावली आणि पळसाचं पान दोन्हीकडे खाली खाली नेत राहिले. फोटो तोच. वर्णन तेच. नकाशा तोच. संदर्भ तेच. मी झाडं बघणारी बाई, पानाच्या अगदी तळाला काय असतं ते मी इतक्या वर्षांत कधी वाचलंच नव्हतं. आता वाचलं. जुन्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन नावं होती. माहितीपुढे माझं, मांडणीपुढे त्याचं. नव्या पानाच्या तळाशी एकच नाव होतं.

पांगारा उघडला. एकच. काटेसावर उघडली. एकच.

"सापडली," मी म्हणाले.

"काय?"

"चूक. इकडे ये."

तो आला. मी पडद्यावर बोट ठेवलं. "इथं तुझं नाव नाही."

त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं. "ती चूक नाही मॅडम. काढलंय ते. ती एका फायलीतली एक ओळ असते. ती काढली की सगळ्या पानांवरून जाते."

"मला विचारलं होतंस?"

"...नाही."

"मला न विचारता या साइटवरून काही काढायचं नाही, असं ठरलंय ना आपलं? मग कुणाच्या परवानगीनं काढलंस?"

"आता ते ठेवून काय करायचंय?"

"ते मी ठरवीन. घाल परत."

"मॅडम..."

"घाल म्हटलं ना." वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो माझा आवाज होता, मलाच दचकायला झालं. मी खुर्चीतून उठले आणि त्याला बसवलं.

त्यानं ती फाईल उघडली. एवढीशी होती, दहाबारा ओळींची. त्यात त्यानं कर्सर नेऊन ठेवला आणि तो तसाच बसून राहिला. मी मागे उभी होते. प्रवासानं गुडघे ठणकत होते, पण बसले नाही. त्यानं 'मांडणी' लिहिलं. पुढे दोन टिंबं दिली. आणि थांबला.

"मला नाही जमत."

"जमेल. होऊ दे सावकाश. मला कुठं जायचंय?"

खाली काकूंच्या घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. त्यानं एक अक्षर दाबलं, मग दुसरं. आपलं नाव लिहायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढा मी पहिलीच्या पोरांनाही लागताना पाहिला नव्हता. लिहून झालं तसं त्यानं ते साठवलं. शेजारच्या खिडकीतला प्रिव्ह्यू आपोआप हलला, आणि पळसाच्या तळाशी ते उमटलं.

"आलं," तो पुटपुटला.

"या पानावर आलं. बाकीच्यांवर आलं का ते बघायला हवं."

"एकदा घातलं की सगळीकडे येतं मॅडम. ते बघावं लागत नाही."

"मी बघितल्याशिवाय काही सोडत नाही, माहितेय ना तुला? सरक."

मी वाकून माउस घेतला. पांगारा उघडला, तळापर्यंत गेले आणि मोठ्यानं वाचलं, "उन्मेष पोळ." काटेसावर उघडली. "उन्मेष पोळ." अंजनी. "उन्मेष पोळ."

"पुरे मॅडम," तो म्हणाला.

बहावा. "उन्मेष पोळ." कुंभा. "उन्मेष पोळ." करवंद. "उन्मेष पोळ." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे गदगदायला लागले. मग मोठा आवाज फुटला. काकू जिन्याच्या अर्ध्यात येऊन ओरडल्या, "काय झालं वो?"

"काही नाही," मी म्हणाले, "काम चाललंय आमचं."

मी थांबले नाही. साइटवर शेकडो झाडं होती आणि माझी तर आत्ता कुठं सुरुवात झाली होती.